कसारा भरून चढायचा की भरून उतरायचा? अवजड ट्रेलरसाठी घोडा निवडताना

जड कामासाठी नवा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनवाली गाडी, घ्यायचा म्हटलं की नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीचा?" मी आधी विचारेन, तुमचा माल कसारा घाट चढतो की उतरतो? अंबड-सातपूरचा ट्रान्सफॉर्मर न्हावाशेव्याला जातो तेव्हा भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते. बंदरातून सिन्नर-माळेगावला मशिनरी आणायची तर सगळं उलटं. रस्ता एकच, पण या दोन कामांना घोडे वेगळे लागतात.

समोर बहुधा दोन पर्याय असतात. एक सहा चाकी, म्हणजे ४ बाय २ (मागच्या एकाच हौसिंगला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या धुरीला, इंजिनाचा जोर), ३०० एचपीच्या आसपास. दुसरा दहा चाकी ६ बाय ४, ४०० एचपीच्या पुढचा, मागच्या दोन्ही हौसिंगला जोर असलेला. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्सलभाराची मर्यादा वाढली आणि घोडा-ट्रेलर मिळून जास्तीत जास्त ५५ टन पासिंग (गाडीसकट एकूण वजनाची परवानगी) मिळू लागलं. त्याच नियमात चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर ११.५ टन आणि जोडअ‍ॅक्सलवर २१ टन चालतात. सहा चाकीच्या जोर देणाऱ्या चाकांवर पहिला भार येतो, दहा चाकीच्या दुसरा; माझा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा आहे.

५५ टनांची भरलेली गाडी २० मीटरला १ मीटर अशा चढावर आहे असं धरा. नुसत्या चढाला २.७५ टन ओढ लागते, टायरच्या घर्षणाला अर्ध्या टनाच्या थोडं वर धरा, म्हणजे सव्वातीन टनांच्या थोडं वर. कोरड्या डांबरावर चाकांना भाराच्या साधारण ०.६ पट पकड मिळते, म्हणून सहा चाकीला सात टनांच्या जवळपास ओढता येतं. काळजी नाही. पण पावसात, चिखलट रस्त्यावर पकड ०.३ वर आली की तिच्या हातात साडेतीन टनसुद्धा उरत नाहीत. दहा चाकीकडे त्याच जागी सहा टनांच्या वर असतात.

हे मी भोगलंय. आषाढात पुढे एक गाडी बंद पडली म्हणून माझी भरलेली सहा चाकी वळणावर थांबवावी लागली. पुन्हा उचलताना मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. इंजिनात जोर भरपूर होता, तो रस्त्याला लागतच नव्हता. डिफ लॉक लावून (म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरतील असं करून), चाकाखाली खडी टाकून कशीबशी निघाली.

आता एचपीकडे या. त्याच चढावर ताशी २० किमीने जायला चाकांशी सुमारे २४५ एचपी लागतात. गिअरबॉक्स आणि हौसिंगमधली घट सोसून ३०० एचपीचं इंजिन तेवढे देतं. ४०० एचपी घेतलेत तर वेग ताशी २७-२८ किमी होईल, बस. त्यापेक्षा हौसिंगचा रेशो, म्हणजे त्यातल्या गिअरचं प्रमाण, बघा. ४.३ ऐवजी ५.५ घेतला तर त्याच इंजिनाची ओढ सव्वापटीहून जास्त वाढते. बदल्यात सपाट रस्त्यावर वेग आणि अ‍ॅव्हरेज जातं. धुळ्याकडे रिकामं पळायचं असेल तर ते खिशाला जाणवतं.

माल उतरणारा असेल तर हिशेब ब्रेकचा करा. त्याच उतारावर ताशी ३० किमीचा वेग स्थिर ठेवायला सुमारे २४५ एचपी रोखून धरावे लागतात, आणि तेही घाट संपेपर्यंत. नुसत्या पायाच्या ब्रेकवर हे टाकलं की ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. म्हणून जमलं तर रिटार्डर (पायाचा ब्रेक न वापरता गाडीचा वेग रोखणारं यंत्र) घ्या, निदान दमदार इंजिन ब्रेक तरी. केबिनच्या सजावटीत पैसे घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आधी हे घ्या. ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न आहे.

दहा चाकीचे तोटेही खरे आहेत. घोडाच साधारण दोनेक टन जड, म्हणजे पासिंगमधला तेवढा माल कमी. टायर चार जास्त, हप्ता मोठा. हब रिडक्शन (चाकातच बसवलेले गिअर) असेल तर क्राऊन-पिनियनवरचा, म्हणजे हौसिंगमधल्या मुख्य गिअरवरचा, ताण घटतो, पण चाकातल्या ऑइलकडे लक्ष ठेवावं लागतं. ५५ टनांच्या वर, परवानगी काढून हायड्रॉलिक ट्रेलर (अतिजड मालाचा, स्वतःच्याच अनेक चाकांवर भार घेणारा) ओढायचा असेल तर मात्र सहा चाकीचा विचारच नको. तिथे ट्रेलर घोड्यावर न टेकवता दांड्याने ओढताना मालाचा भार घोड्यावर येत नाही, म्हणून दहा चाकीच्याही पाठीवर वजन ठेवावं लागतं, नाहीतर चाकं फिरतात.

किंगपिनही, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणारी खुंटीही, मोजून घ्या. नेहमीच्या ट्रेलरला ५० मिमी असते, जड लोबेडला (खालच्या पाट्याच्या ट्रेलरला) ९० मिमी असू शकते. घोड्यावरचं फिफ्थ व्हील, म्हणजे ही खुंटी अडकते ती चकती, जुळलं नाही तर नवा घोडा उभाच राहील.

अंबडहून न्हावाशेवा, ५५ टनांच्या आत, एवढंच काम असेल तर मी सहा चाकी घेईन, रिटार्डरसकट. पण महिन्यातून दोन खेपा जरी बंदरातून वर भरून आणायच्या असतील आणि पावसाळ्यातही काम थांबणार नसेल, तर दहा चाकीच, एचपी थोडे कमी असले तरी.