सत्राचा शेवटचा आठवडा : उजळणीचे तास की सराव चाचण्या?

सत्र परीक्षा तोंडावर आली की माध्यमिक शाळेतील शेवटच्या आठवड्यात शिक्षकांसमोर साधारणपणे दोन पर्याय असतात : शिकवलेले धडे वर्गात पुन्हा वाचून घेणे किंवा रोज एक छोटी सराव चाचणी घेणे. उजळणीच्या तासात गैरहजर विद्यार्थ्यांचा सुटलेला भाग भरून निघतो आणि शंका विचारायला वाव मिळतो. मात्र ओळखीचा मजकूर पुन्हा वाचताना तो आपल्याला येतोच असे वाटू लागते, आणि पुस्तक मिटल्यावर तो आठवेल याची खात्री नसते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र तोच उतारा न पाहता आठवून लिहिलेल्यांना अधिक भाग आठवला. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, तरीही माझा कल सराव चाचणीकडेच आहे. पचनसंस्थेच्या आकृतीला नावे देताना स्वादुपिंड नेमके कोणते, इथे पेन अडते, तेव्हा आपले कुठे कच्चे आहे हे मुलाला स्वतःलाच कळते आणि शिक्षकांनाही दिसते. अट एवढीच, की या चाचणीचे गुण निकालात धरू नयेत आणि उत्तरांवर त्याच तासाला चर्चा व्हावी, अन्यथा चुकीचे उत्तरच पक्के होण्याचा धोका राहतो. जो धडा मुळात समजलेलाच नाही, तो आधी पुन्हा शिकवावाच लागतो.