गोल्फसाठी शरीराची तपासणी: घरी, जिममध्ये की फिजिओकडे?

जिमच्या बॉडी कंपोझिशन मशीनचा कागद आधी बाजूला ठेवा. चरबी आणि स्नायूंचं प्रमाण त्यात कळतं, तेही पाणी किती प्यायलात यावर हलतं. खुबा किती वळतो, हे त्यात कुठेच नसतं. खरी निवड घरची चाचणी आणि फिजिओ यांच्यातच आहे.

घरी खुर्ची, क्लब (गोल्फची काठी) आणि पंधरा मिनिटं पुरतात. ताठ बसा, गुडघ्यांत उशी दाबून धरा, क्लब छातीवर आडवा घ्या आणि धड वळवा. दोन्हीकडे साधारण ४५ अंश मिळायला हवेत. उशी सरकली तर कंबर वळली, धड नाही. ही चूक जवळजवळ सगळेच करतात. मग क्लब डोक्यावर धरून पूर्ण खाली बसा. टाचा उचलल्या गेल्या, तर टाचांखाली दोनेक सेंटिमीटरची फळी ठेवून पुन्हा बसा. आता नीट जमलं तर संशय घोट्यावर. खाली बसता न येणाऱ्यांची कंबर डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून बॉलकडे खाली येताना, अनेकदा बॉलकडे सरकते, आणि शॉट कधी फॅट (क्लब आधी जमिनीला लागतो), कधी थिन (क्लबची कड बॉलच्या मध्याला लागते) जातो.

घरच्या चाचणीत 'किती कमी' ते कळतं, 'का' ते कळत नाही. फिजिओचे पैसे त्या 'का'साठी मोजायचे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा घ्या. तुम्ही स्वतः पाय खुब्यातून आत फिरवलात तर २० अंश, आणि फिजिओने फिरवला तर ३५. म्हणजे सांधा मोकळा आहे, ताकद आणि ताबा कमी आहे. इथे महिनोन्महिने स्ट्रेचिंग करून फार काही हाती लागत नाही. स्वतः फिरवून आणि फिजिओने फिरवून, दोन्ही वेळा २०च आले, तर मात्र सांध्यावर आणि आजूबाजूच्या आवळलेल्या स्नायूंवर काम.

पाटीवर 'स्पोर्ट्स' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. फोनवर विचारा: खुब्याचं वळण गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं साधन) मोजता का, स्विंगचा व्हिडिओ पाहता का? दोन्हींना 'हो' असेल तरच वेळ घ्या.

दुखणं नसेल तर आमचा कौल आधी घरच्या चाचणीला. कमतरता सहा आठवड्यांत हलली नाही तर फिजिओ. फॉलो-थ्रूला, म्हणजे बॉल मारल्यानंतर क्लब पुढे जाताना, कंबर दुखत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील, तर घरी काहीही तपासत बसू नका, थेट डॉक्टर किंवा फिजिओ गाठा.

पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पावसाळ्यात तसाही खेळ कमी होतो. जूनच्या सुरुवातीला मोजा, सप्टेंबरअखेर पुन्हा मोजा. दोन्ही वेळा सकाळी, राउंडच्या आधी.