पडू नये म्हणून फिजिओ : क्लिनिकला न्यायचं, घरी बोलवायचं की बागेतला वर्ग?

आई पडली ती नळाला पाणी आलं त्या दिवशी. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बोळात आडवा पाइप, काठोकाठ भरलेली पिंपं आणि ओली शहाबादी फरशी. मनगट सुजलं, हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडायची भीती जास्त, फिजिओथेरपी सुरू करा. कुठे, ते आम्ही ठरवायचं.

"मी रोज चालते की!" ही आईची हरकत. खरंय, कंबर तलावाला दोन फेऱ्या असतात तिच्या. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, याला भक्कम पुरावा नाही. उपयोग होतो तो तोल सांभाळायच्या आणि पायांत ताकद आणणाऱ्या व्यायामांचा. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात शंभरावर चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांचं पडणं साधारण २३ टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणून तिन्ही पर्यायांना मी एकच प्रश्न विचारला : इथे उभं राहून तोलाचा सराव होतो का?

क्लिनिकमध्ये धरायला दांड्या असतात, जवळ शिकलेलं माणूस उभं असतं, मोजमाप नीट होतं. पण आम्ही आधी गेलो तिथे आठ दिवस गुडघ्याला शेक आणि मशीन, एवढंच. दुखणं जरा हलकं झालं, तोल होता तिथेच. वर दुसऱ्या मजल्याचा जिना आणि मे महिन्यातली रिक्षा! नुकतं ऑपरेशन झालेल्याला किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्याला क्लिनिकच बरं. फक्त पहिल्याच दिवशी विचारा, चालण्याची चाचणी घेणार का? खुर्चीतून उठायचं, ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोका समजतात. आईला १६ लागले.

घरी येणारे फिजिओ दर खेपेला महाग पडतात. तरी आम्ही तेच निवडले, आणि त्याचं कारण व्यायामापेक्षा घर हे होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आईला झोपायच्या खोलीपासून मोरीपर्यंत चालायला लावलं. स्वतः मागे. जुन्या सोलापुरी चादरीची घडी आम्ही पायपुसणं म्हणून टाकली होती, ती सरकते हे आम्हाला वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं. मोरीत धरायला दांडी नव्हती. रात्रीचा दिवा पलंगापासून चार पावलांवर!

मग व्यायाम. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ओटागो पद्धत अशीच घरी करायची आहे : आठवड्यातून तीनदा साधारण अर्धा तास व्यायाम, आणि जोडीला चालणं. फिजिओ मोजक्या खेपा येऊन शिकवतात, पुढे आपलं आपण. आईचं सगळं स्वयंपाकाच्या ओट्याशी चालतं. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून पाय मागे नेणं, टाचेला पंजा लावून एका रेषेत चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. तिसऱ्या आठवड्यात सोपं वाटायला लागलं तेव्हा त्यांनी पट्ट्याचं वजन वाढवलं आणि ओट्यावरचे दोन्ही हात काढून एकच बोट ठेवायला सांगितलं. सोपं झालं की अवघड करायचं, खरी मेख हीच. तेवढं कुणी करत नसेल तर पैसे वाया.

बागेतला वर्ग स्वस्त आणि गप्पांचा. आईला मनातून तोच हवा होता. पण बसून प्राणायाम आणि टाळ्या यांनी तोल सुधारत नाही. उभ्याने, एका पायावर, वजन इकडून तिकडे टाकत काही करून घेत असतील तर जरूर जा. ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाचा फायदा दिसलाय तो त्यामुळेच. अजून एकदाही न पडलेल्या, धडधाकट माणसाला हे पुरेल.

यातलं काहीही सुरू करण्याआधी झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, डोळे तपासा. उठल्यावर चक्कर येत असेल तर ते आधी. शुगरवाल्यांच्या तळपायांची जाणीव कधी कधी कमी झालेली असते, तसं असेल तर तेही सांगा.

तीन महिन्यांनी आईचे सेकंद १३ वर आलेत. पाइप आता भिंतीकडेने जातो. त्यावरून शेजारच्या काकूंशी तिचं जुंपलंय, कारण त्यांच्या पिंपापर्यंत तो पुरत नाही.