बिलात केबल दोन, बोटीत बदलली एकच

जरा मोठं होणार आहे पण ज्यांच्याकडे आउटबोर्डची (म्हणजे मागे बाहेर लटकवलेल्या इंजिनची) छोटी बोट आहे त्यांनी वाचाच. मी फसलो ते पूर्ण माझ्या आळसामुळे फसलो हे आधीच कबूल करतो.

झालं असं की गिअरचा लिव्हर गेले काही महिने जड लागत होता. न्यूट्रलमधून फॉरवर्डला टाकताना दोन हात लावावे लागायचे, आणि रिव्हर्स कधी पडायचा कधी नाही. मेकॅनिकला बोलावलं, त्याने इंजिनचं वरचं झाकणसुद्धा न उघडता दोनदा लिव्हर हलवला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेलाय दादा, खालचं युनिट उतरवावं लागेल". मी घाबरलो, कारण तो खर्च म्हणजे मोठाच. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला की आधी दोन्ही केबल (लिव्हरपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या, एक गिअरची आणि एक थ्रॉटलची म्हणजे वेग कमीजास्त करणारी) बदलून बघू, सुटलं तर सुटलं. मला वाटलं काय प्रामाणिक माणूस आहे! आता कळतंय की आधी मोठ्या खर्चाची भीती घातली की नंतरचा कुठलाही आकडा कमीच वाटतो.

खरं तर दोष कुठे आहे ते बघायला दहा मिनिटं लागतात आणि मेकॅनिकही लागत नाही. इंजिन बंद, चावी काढलेली, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली, स्पार्क प्लगच्या वायरी सुद्धा काढलेल्या. मग इंजिनच्या बाजूला गिअर केबलची पिन काढायची, केबल बाजूला करायची आणि इंजिनवरचा गिअरचा दांडा हाताने हलवायचा, तेव्हा दुसऱ्याने प्रॉपेलर हळूहळू फिरवायचा कारण बंद इंजिनात प्रॉपेलर न फिरवता गिअर नीट पडत नाही, तो दोष नसतो. दांडा सहज हलला तर लिव्हर जड लागण्याचा दोष गिअरबॉक्सवर ढकलायचं कारण उरत नाही. मग केबल कंट्रोल बॉक्सकडूनही (ज्या डब्यावर लिव्हर बसवलेला असतो तिथूनही) सोडायची. मोकळा लिव्हर हलका चालला म्हणजे बॉक्सही ठीक, उरली केबल. माझं नेमकं तसंच होतं, फक्त मी हे सगळं पैसे देऊन झाल्यावर केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते आमच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत व्हायचं राहिलं एवढंच.

तर काम झालं, बिल आलं: "कंट्रोल केबल २ नग", वर पूर्ण दिवसाची मजुरी. लिव्हर खरंच लोण्यासारखा चालत होता. मी खूश, जुन्या केबल मागितल्या नाहीत (ही सगळ्यात मोठी चूक).

तीन आठवडे बरे गेले. मग एका संध्याकाळी धक्क्याला लावताना मी रिव्हर्स टाकला तर लिव्हर अर्ध्यात अडकला, बोट फॉरवर्डमध्येच राहिली आणि सरळ धक्क्यावर. वेग कमी होता म्हणून बोटीच्या नाकाला ओरखडा आणि माझ्या बायकोचा गुडघा सुजला एवढ्यावर निभावलं. पुढे कोणी पाण्यात असतं तर काय झालं असतं, नको तो विचार. चावी फिरवून इंजिन बंद करायचं सुचायलाच मला दोन-तीन सेकंद लागले.

दुसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडलं. दोन वर्षांपूर्वी केबल एका कोपऱ्यावर घासत होती म्हणून मी तिथे निळी टेप गुंडाळली होती. टेप जागेवर!! म्हणजे गिअरची केबल तीच, जुनीच. नवी फक्त थ्रॉटलची, तिच्या कव्हरवरचा नंबर चकचकीत वाचता येत होता, जुनीवरचा पार पुसलेला. कारणही लक्षात आलं, गिअरची केबल फळीखालच्या अरुंद पाइपातून जाते, ती ओढायला त्रास. त्यापेक्षा दोन्ही टोकांना स्प्रे मारला, दहा वेळा मागेपुढे केली, झालं मोकळं. पण आत पाणी शिरून तारेला गंज धरला असेल तर स्प्रेने चार दिवसच बरं वाटतं, असली केबल दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते.

त्याला फोन केला तर म्हणे, "अहो ती केबल चांगली होती, मी उलट तुमचे पैसे वाचवले." म्हटलं मग बिलात दोन कशा? तर म्हणे "ते मुलाने लिहिलं असेल". त्यानंतर फोन उचललेला नाही.

मग मीच बसलो. लांबी जुन्या केबलवर वाचता आली नाही म्हणून मोजली, कंट्रोल बॉक्सपासून बोटीच्या कडेने इंजिनच्या मध्यापर्यंत जितकी, अधिक ४ फूट, कारण इंजिन वळतं आणि वर उचललं जातं तेव्हा मागे मोकळा वेटोळा लागतो. येईल त्याच्या पुढचा पूर्ण फूट घ्यायचा. आखूड घेतली की ताण, फार लांब घेतली की कुठेतरी घट्ट मुडपते. वळण साधारण ८ इंच त्रिज्येच्या आत नको. जुन्या केबलच्या टोकाला दोरी बांधून ओढली आणि दोरी पाइपात मध्येच सुटली, त्यात तासभर गेला, शिव्या वेगळ्या. दोरी नुसती बांधू नका, वरून टेप गुंडाळा.

अवघड भाग ओढण्याचा नाहीच, सेटिंगचा आहे. लिव्हर न्यूट्रलमध्ये, इंजिनचा गिअर न्यूट्रलमध्ये, आणि मग केबलचं टोक पिनवर आपोआप बसलं पाहिजे, ओढून बसवायचं नाही. टोकाचा तुकडा आट्यांवर पुरेसा आत हवा, माझ्या इंजिनच्या पुस्तकात किमान ८ मिमी लिहिलंय, थ्रॉटलचा तुकडा त्या पठ्ठ्याने जेमतेम तीन आटे बसवला होता आणि लॉकनट सैल! स्प्लिट पिन पण जुनीच वाकवून परत घातलेली. गिअर अर्धवट पडत राहिला तर आतल्या क्लचचे दात झिजतात आणि मग खरंच गिअरबॉक्स जातो. म्हणून सेटिंगला ज्याला भीती वाटते त्याने मेकॅनिक जरूर बोलवावा, चांगले असतात, पण समोर उभं राहा आणि गिअरमध्ये असताना इंजिन स्टार्ट होत नाही ना हे बोट धक्क्याला बांधलेली असतानाच तपासून घ्या.

जुनी केबल मी करवतीने कापून पाहिली. आतली तार तपकिरी, बोटांनी चोळली तर भुकटी. तो निळ्या टेपेचा तुकडा असलेला भाग मी बिलासकट ठेवून दिलाय.