केफिर झकास, कोंबुचा गोड, आणि बाहेरचा बोर्ड जरा जास्तच बोलतो

कोथरूडमधलं आंबवलेल्या पदार्थांचं दुकान आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण माल चांगलाय, भांडण आहे ते बोर्डाशी. "प्रोबायोटिक प्या, पोट घटवा" (प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगले जिवंत जिवाणू) असं भल्यामोठ्या अक्षरात लिहिलंय आणि सकाळी फिरून येणारे काका-काकू थेट आत.

केफिर, म्हणजे आंबवलेलं दूध, एक नंबर. दह्यापेक्षा पातळ, ताकापेक्षा दाट, जिभेवर बारीक चुरचुर आणि वरून घातलेली साखर अजिबात नाही. बीट-गाजराची कांजी पण मस्त, मोहरीचा झणका नाकात जातो. किमची (कोरियन आंबवलेली कोबी) गोडसर, मला नाही झेपली.

कोंबुचाची (आंबवलेल्या गोड चहाची) बाटली मात्र फिरवून मागचं लेबल वाचा. आंबा फ्लेवरला १०० मिलीमागे ८ ग्रॅम साखर, म्हणजे ३०० मिलीत २४ ग्रॅम, सहा चमचे झाले की हो, याने कुठलं पोट घटणार! वर बाटल्या काउंटरवर उन्हात, त्या आत आंबतच राहतात, झाकण उघडलं की फस्सकन ओढणीवर. सांगितलं तर म्हणे "मॅडम, नॅचरल आहे ना".

काउंटरवर स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासाचं कात्रण लावलंय. अभ्यास खराच आहे, ३६ निरोगी माणसं, १० आठवडे, आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातली सूज दाखवणारी रक्तातली १९ प्रोटीन्स कमी झाली. भारीच आहे, पण तो वजन उतरवायचा अभ्यास नव्हताच. पोटावरच्या चरबीचं म्हणाल तर जपानात २०१० साली लॅक्टोबॅसिलस गॅसेरी या जिवाणूच्या एका ठराविक स्ट्रेनचं (उपप्रकाराचं) आंबवलेलं दूध १२ आठवडे दिलं तेव्हा पोटाच्या आतली चरबी साधारण साडेचार टक्के घटली, आणि पुढच्या अभ्यासात दूध बंद केल्यावर फायदा ओसरायला लागला. म्हणजे सगळा खेळ स्ट्रेनचा, तोही रोज घेतला तर. याकुल्ट या प्रोबायोटिक पेयाचे लोक निदान स्ट्रेन छापतात, इथे विचारलं तर "सगळे चांगलेच बॅक्टेरिया आहेत". बरं.

शुगर असलेल्यांनी आंबा-लिची फ्लेवरच्या वाटेला जाऊ नये, साधं केफिर घ्यावं. २०० मिलीला १२० रुपये जरा टोचतात, त्यात घरी पातेलंभर ताक होतं. तरी मी घेते, चवीसाठी. रविवारी दहाच्या आत जा, नंतर संपतं, आणि रिकामी काचेची बाटली परत दिली की दहा रुपये सुटतात, ते मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.