22 फुटी हॉल आणि गायब झालेली भिंत

आमच्या हॉलमध्ये सध्या चार लोखंडी टेकू उभे आहेत. पाहुणे आले की चहा स्वयंपाकघरातच. पुण्यात पेठेतला हा फ्लॅट घेताना मी भुलले ती याच हॉलला. इमारत 1983ची, तरी हॉल 22 फूट लांब! एवढा कसा, हे विचारायचं सुचलंच नाही.

वर पीओपी, खाली नव्या टाइल्स. मंजूर नकाशा मागितला, तर एजंटाने करपावती पुढे केली. "ताई, महापालिका कर घेते म्हणजे अधिकृतच की!" अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्ती लागते, आणि कर भरला म्हणून ते नियमित होत नाही, हे आता पाठ झालंय. सोसायटीच्या ना-हरकत पत्रात फक्त थकबाकी नसल्याचं लिहिलं होतं. तेही मी नीट वाचलं नाही.

शिवाय मालक म्हणाले, "लोन काढणार नसाल तर दीड लाख कमी करतो." गावची जमीन विकल्याचे पैसे हाताशी होते, मी खूश! बँकेचा माणूस नकाशा घेऊन घर बघायला येऊ नये, म्हणून होती ती सूट.

दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या काकूंच्या खोलीचं दार लागेना. मग भिंतीला तिरकी भेग पडली. इंजिनिअरने आमचं पीओपी फोडायला लावलं. इमारत लोडबेअरिंग, कॉलम नाहीतच. स्लॅबचा सगळा भार 9 इंची भिंतींवर. त्यातलीच एक 11 फूट पाडून तिथे बारीकसा गर्डर घातलेला, टोकं विटांवर जेमतेम टेकलेली.

30 वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं असतं. सोसायटीने ते केलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम 53ची, अनधिकृत बांधकामाबद्दलची नोटीस आली ती माझ्याच नावाने, कारण मालक आता मी. नोंदणी कार्यालयात खरेदीखत नोंदतात, भिंती कोणी मोजत नाही.

जुनं घर घेताय? माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज करून मंजूर नकाशा स्वतः मिळवा आणि टेप घेऊनच घरात शिरा. नकाशातली भिंत घरात दिसली नाही, तर टोकन देऊ नका.

मी दावा लावतेय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने माहीत असलेला दोष सांगायलाच हवा. मात्र तो दोष घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडण्यासारखा नसावा लागतो. माझ्या वकिलांनी आधीच बजावलंय, समोरून पहिला प्रश्न येणार: "मॅडम, नकाशा पाहिला होतात का?"