जहाजावरच्या बाईचं ‘अस्सल’ जलरंगचित्र आणि माझे १,५८५ डॉलर

इथे अमेरिकेत जुन्या जहाजांशी संबंधित चित्रं, वस्तू जमवणारे आपले बरेच लोक आहेत. त्यांच्यासाठी लिहितेय.

जहाजाच्या पुढच्या टोकावर कोरलेली लाकडी बाई, म्हणजे फिगरहेड, तिचं जलरंगातलं चित्र मी विकत घेतलं. विकणारा म्हणाला, ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’मधलं मूळ चित्र आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन सरकारनं बेकार चित्रकारांना पगार देऊन जुन्या कारागिरीची हुबेहूब चित्रं काढून घेतली होती, त्यातलं. चित्राचे १,४००, प्रमाणपत्राचे १२०, टपालाचे ६५.

ती सुमारे १८,००० चित्रं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. सरकारी पैशातून झालेली, सरकारच्या मालकीची. मी हे विचारलं, आणि त्यानं तिथल्या तिथे गोष्ट बदलली: “हा चित्रकाराच्या घरी राहिलेला कच्चा अभ्यास आहे.” गोष्ट बदलली त्याच क्षणी फोन ठेवायला हवा होता! आजही ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण चित्रकारांच्या घरी कच्ची चित्रं राहतातच की. कोणालाही पटलं असतं.

आलं ते छापील. गॅलरीनं ही चित्रं फुकट डाउनलोडला ठेवली आहेत; त्यातलंच एक जाड कागदावर छापून पिवळं केलेलं. भिंगाखाली बाईच्या गालावर छपाईचे रंगीत ठिपके. खरी शिसपेन्सिलीची रेघ तिरप्या उजेडात चकाकते, ही मेली चकाकेना. अतिनील टॉर्चखाली कागद निळा-पांढरा झळाळला. १९३०च्या दशकातला कागद असा झळाळत नाही.

फोटोवर जाऊ नका, तिरप्या उजेडातला व्हिडिओ मागा. प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागणारा चोरच समजा.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. विक्रीच्या संकेतस्थळानं सांगितलं, व्यवहार आमच्याबाहेर झाला. ऑनलाइन तक्रार केली, तिचा क्रमांक आला, पुढे काही नाही. भिंगातले फोटो, पावत्या, त्याचे निरोप, सगळं जोडून दिलं; एकानं तरी उघडून पाहिलं का? उलट मलाच विचारतात, “चित्र आवडलं नाही म्हणून तक्रार करताय का?” चोर मोकळा आणि उलटतपासणी माझी!

ऑनलाइन पैसे भरताना ‘मित्राला पैसे पाठवतोय’ हा पर्याय निवडायला सांगितलं तर व्यवहार सोडा. क्रेडिट कार्डानं दिले असते तर निदान भांडता आलं असतं.

तेच चित्र आता दुसऱ्या नावाखाली पुन्हा विक्रीला आहे, १,६५० डॉलरला. डाव्या कोपऱ्यातला तपकिरी डागसुद्धा तोच. मी तिथे तक्रार नोंदवली आहे, तुम्हाला दिसलं तर तुम्हीही नोंदवा.